लंगड्या दुरुस्तीला गेला आहे

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. व्याकरणाच्या पुस्तकात तुम्हाला 'ते स्टूल' असे शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण माझे आयुष्य ज्या कारखान्यात गेले, तिथे सगळे मला 'लंगड्या' म्हणत. वर्षानुवर्षे 'लंगड्या हलला', 'लंगड्याला सरकव' असे ऐकून मीही स्वतःला 'तो' समजू लागलो. तेव्हा माझ्या बोलण्यात कुठे लिंग चुकले, तर तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म एका सुताराच्या मागच्या अंगणात झाला. तो कोणाच्या तरी घराचे दरवाजे करत होता. चौकटींमधून उरलेले तुकडे कोपऱ्यात पडले होते. तेवढ्यात शिवणकामाच्या एका कारखान्याने त्याच्याकडे स्टुले मागितली आणि त्याने त्या तुकड्यांतून आम्हा भावंडांना उभे केले. मी सगळ्यांत धाकटा. माझी पाळी येईपर्यंत लाकूड संपत आले होते, म्हणून माझा चौथा पाय नखाएवढा आखूड राहिला. सुताराने मला जमिनीवर ठेवून डुगडुगवून पाहिले. "बसणारा घेईल सावरून," असे म्हणून त्याने मला गाडीत टाकले. मला त्याचा राग नाही. त्या दिवशी त्याला जेवायला उशीर झाला होता.

कारखान्यात कोट शिवत असत. एक लांबच लांब हॉल, त्यात समोरासमोर मांडलेली टेबले, एका टोकाला कापड कापायचे मोठे टेबल आणि दुसऱ्या टोकाला इस्त्री. ओल्या लोकरीवर गरम इस्त्री फिरली की जो वास येतो, तो तिथे दिवसभर भरलेला असे. पहिली काही वर्षे मी कोणाचाच नव्हतो. ज्याच्या वाट्याला मी येई, तो दुसऱ्या दिवशी लवकर येऊन मला शेजाऱ्याच्या स्टुलाशी गुपचूप बदलून टाकी. असा गळ्यात मारला जात जात मी शेवटी ज्यांच्याकडे पोचलो, त्यांनी तक्रार केली नाही. ते कशाचीच तक्रार करत नसत. कारण ते बोलतच नसत.

त्यांना सगळे गुळणीराव म्हणत. सदा तोंडात गुळणी धरून बसलेले, म्हणून गुळणीराव. पहिल्या दिवशी ते माझ्यावर बसले, मी डुगडुगलो, ते उठले. त्यांनी खाली वाकून माझे पाय पाहिले. मग कॉलर ताठ राहावी म्हणून आत जे कडक कापड घालतात, त्याचा एक तुकडा घेतला, त्याची छोटी घडी केली आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवली. संध्याकाळी झाडूवाल्याने ती घडी केराबरोबर झाडून नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुळणीरावांनी नवी घडी केली. त्यानंतर रोज सकाळी, कामाला हात लावण्याआधी, ते वाकत आणि घडी सरकवत. मी माणसांना खालून ओळखतो, मित्रांनो. चेहरे मला फारसे दिसत नाहीत. पण कोण कसे बसतो यावरून त्याचे बरेच काही कळते. गुळणीराव अलगद बसत, जणू मला विचारून.

त्यांचे काम काजे करण्याचे. काज म्हणजे बटण जिच्यातून जाते ती फट. शर्टाची काजे यंत्रावर होतात. यंत्र आधी शिवते आणि मग मधोमध कापते. चांगल्या कोटाचे काज मात्र हाताने करतात आणि तिथे सगळा उलटा कारभार. आधी कापायचे, मग कडेने टाके घालायचे. कापले की माघार नाही. पूर्ण तयार झालेल्या कोटावर शेवटी कात्री चालवायची म्हणजे भल्याभल्यांचा हात थरथरतो. गुळणीरावांचा थरथरत नसे. त्यांची काजे पाहायला इतर टेबलांवरची माणसे येत, 'वा' म्हणून जात, आणि गुळणीराव मान हलवून पुढचा कोट ओढत.

आता आमच्या कारखान्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. कोणी रजेवर गेला, तर त्याचे स्टूल टेबलाशी सरळ ठेवायचे आणि त्यावर त्याचे कामाचे फडके बांधायचे. फडके दिसले की समजायचे, हा येणार आहे. आणि माणूस कायमचा गेला, म्हणजे निवृत्त झाला, दुसरीकडे लागला किंवा वारला, तर त्याचे स्टूल टेबलावर उलटे ठेवायचे, पाय वर करून. मग सवडीने चारजणांनी ते त्याच्या घरी पोचवायचे. ही रीत इतकी मुरली होती की तो एक शब्दच होऊन बसला होता. 'अमका कुठे दिसत नाही?' असे विचारले की उत्तर येई, 'तो उलटला की!'

एका वर्षी गुळणीरावांचे बसणे बदलले. ते कडेवर बसू लागले, कधीही उठावे लागेल असे. टाचा खाली टेकेनात. आणि एके दिवशी त्यांनी एका पुरुषाच्या कोटाचे काज उजव्या बाजूला कापले. पुरुषांच्या कोटाला काज डाव्या बाजूला असते, बायकांच्या कोटाला उजव्या. नवशिक्याने ही चूक केली तर त्याचा कान धरतात. गुळणीरावांच्या हातून ती झाल्यावर सगळ्या हॉलच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

हॉलवर देखरेख करणाऱ्या मुकादमबाई आल्या. जाडजूड, चष्मेवाल्या, आवाज मोठा, पण मनाने हळव्या. त्यांनी कोट उचलून पाहिला.

"असू दे. मालकांना नको सांगायला, मी बघते काय करायचं ते," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारले, "काय होतंय, गुळणीराव?"

"घरी बरं नाही," गुळणीराव म्हणाले.

बस, एवढेच. मित्रांनो, जुन्या वळणाच्या काही नवऱ्यांना चारचौघांत 'बायको' हा शब्द उच्चारायचा संकोच वाटतो. ते 'घरी' म्हणतात. 'घरी विचारतो', 'घरी आवडत नाही', 'घरी बरं नाही'. ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचे. पण गुळणीरावांच्या घरी कोण कोण आहे हेच मुळात कोणाला ठाऊक नव्हते. त्यांनी कधी सांगितले नव्हते आणि कोणी कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः टेबलापाशी आले. वाईट माणूस नव्हता तो. फक्त त्याला सगळीकडे कोट दिसत.

"किती दिवस हवेत?"

"सांगता येत नाही. बरेच."

"तुमची रजा तर संपलीय."

"बिनपगारी द्या."

मालकांनी थोडा विचार केला. "हंगाम सुरू होईपर्यंत जागा ठेवतो. त्यानंतर मला माणूस लागेल, गुळणीराव. कोट काही थांबत नाहीत."

गुळणीरावांनी मान हलवली. आपले फडके त्यांनी माझ्यावर आडवे टाकून दोन्ही बाजूंनी बांधले. जाताना मुकादमबाई म्हणाल्या, "फडकं आहे तोवर जागा तुमचीच. मी आहे ना." गुळणीराव गेले. मी टेबलाखाली फडके बांधून बसलो, दाढ दुखणाऱ्या माणसासारखा.

हंगामाच्या तोंडावर मालकांनी सुट्टीच्या दिवशी हॉल धुऊन घेतला. झाडूवाल्याने सगळी स्टुले टेबलांवर उलटी टाकली, फरशी धुतली आणि एकेक स्टूल परत खाली उतरवले. मलाही उतरवले. पण फरशी ओली, पायाखाली घडी नाही. मी डुगडुगलो आणि कलंडलो. त्याने दोनदा मला उभे केले, दोनदा मी पडलो. "मर तिथंच," असे म्हणून त्याने मला पुन्हा टेबलावर उलटे टाकले. माझ्यावरचे फडके सोडवून त्याने खिडक्या पुसल्या आणि पिळून बादलीवर वाळत घातले. त्याच्या मनात काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे आली. सगळी स्टुले सरळ आणि मी एकटा पाय वर करून.

इस्त्रीवाल्याने मला पहिल्यांदा पाहिले. त्याच्या जिभेला हाड नव्हते. "अरे देवा," तो ओरडला, "गुळणीराव उलटले!"

मालक बाहेरगावी गेले होते. स्टूल कोणी उलटे केले, हे कोणी कोणाला विचारले नाही. ज्याला त्याला वाटले, दुसऱ्याला ठाऊक असेल. कोणी फोन लावला, तर तो गुळणीरावांनी उचलला नाही. मग तर्क सुरू झाले. मुकादमबाई डोळे पुसत म्हणाल्या, "घरी बरं नाही, असं म्हणाले होते. म्हणजे त्यांनाच बरं नसणार. स्वतःचं दुखणं तरी तो माणूस कधी तोंडानं सांगणार होता का?" सगळ्यांना ते पटले. काज चुकले होते ते त्यामुळेच, असेही ठरले. आणि दुपारच्या सुट्टीत चौघे जण मला घेऊन निघाले. इस्त्रीवाल्याने मला खांद्यावर घेतले होते. वाटेत तो गुळणीरावांबद्दल इतके चांगले बोलला की ते जिवंत असते तर लाजले असते.

जिना चढून त्यांनी दार वाजवले. दार उघडले एका उंच, बारीक बाईंनी. अंगावर सैल गाऊन, डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेला, भुवया जवळजवळ नाहीतच. मुकादमबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"वहिनी, फार वाईट झालं हो. आम्हाला आजच कळलं."

"काय झालं?"

"धीर धरा. असा माणूस मिळायचा नाही. कधी कोणाला उलटून बोलले नाहीत."

"कोण?"

"आमचे गुळणीराव!"

"ते सुलटंही बोलत नाहीत कधी," वहिनी म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांना वहिनी म्हटले, म्हणून मीही म्हणतो. त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा चेहऱ्यांकडे. त्यांच्या लक्षात आले. मान मागे वळवून त्यांनी हाक मारली, "अहो, जरा बाहेर या. तुम्ही वारलात म्हणे."

गुळणीराव हातात वाढायचा डाव घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले. इस्त्रीवाल्याने मला सोडून दिले.

मी जमिनीवर आपटलो, पण उभाच राहिलो. वहिनी हसू लागल्या. हसता हसता त्यांना धाप लागली, हाताला लागेल तिथे त्या बसल्या, आणि ती जागा मी होतो. मी डुगडुगलो. लगेच गुळणीराव खाली वाकले, खांद्यावरचा फडक्याचा तुकडा काढून त्यांनी घडी केली आणि माझ्या पायाखाली सरकवली. चार माणसे त्यांना पोचवायला आली होती आणि ते खाली बसून स्टुलाचा पाय ठीक करत होते.

"नंबर माझा आहे हो," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "रांग मोडायची त्यांना सवय नाही."

तेव्हा कुठे चौघांना कळले की 'घरी' म्हणजे कोण. मुकादमबाई तिथेच जमिनीवर बसल्या.

"पण मग हे स्टूल का आणलंत?" वहिनींनी विचारले.

आता गप्प बसायची वेळ होती. पण इस्त्रीवाला बोललाच. "ते उलटं दिसलं ना, वहिनी. म्हटलं, बिनपगारी रजेवर गेलेला माणूस, त्यातून..."

"कसली रजा?"

मुकादमबाईंनी त्याला कोपराने ढोसले, पण उशीर झाला होता.

"साठलेली रजा आहे, भरपगारी आहे, असं म्हणाला होतात ना?" वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले. गुळणीराव डाव धुवायला आत निघाले. "थांबा. आणि शिवणाचं मशीन? तुम्ही ते दुरुस्तीला दिलंय ना?"

"दुरुस्तीला गेलंय," गुळणीराव डावाकडे बघत म्हणाले.

"कधी येणार?"

त्यांनी डाव दुसऱ्या हातात घेतला. भिंतीशी फरशीवर एक चौकोनी, स्वच्छ जागा होती. तिथे मशीन असायचे. त्या जागेकडे सगळ्यांनी एकदा पाहिले आणि मग कोणी पाहिले नाही.

मुकादमबाईंनी मालकांची अट सांगितली. हंगाम सुरू होतोय. नवा माणूस बघणे चालू आहे. त्यात आता स्टूल सगळ्यांदेखत घरी पोचले, म्हणजे जागा गेल्यातच जमा. मालक आल्यावर त्यांना काय सांगायचे?

वहिनी अजून माझ्यावरच बसल्या होत्या. त्यांचे वजन फार कमी होते. मग त्यांनी डोक्याचा निळा रुमाल सोडला. खाली केस नव्हते. कोणी दुसरीकडे पाहिले नाही, याचे मला बरे वाटले. रुमाल त्यांनी मुकादमबाईंच्या हातात दिला.

"हा त्यांच्या टेबलाला बांधा. फडकं आहे तोवर माणूस येणार, अशीच रीत आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. पण स्टूल कुठाय म्हणून विचारलं तर?"

"हे इथं राहू दे. न्हाणीत मला उभं राहता येत नाही. उलट्या बादलीवर बसून बसून अंग मोडून आलंय." त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. "मालकांना सांगा, स्टूल दुरुस्तीला गेलंय. आमच्या घरी ही सबब चांगली चालते."

अशा रीतीने मी, आयुष्यभर कोरड्या हॉलमध्ये राहिलेला, न्हाणीत मुक्कामाला आलो. पाण्याने माझी फळी फुगली, कडेचा रंग गेला. रोज सकाळी गुळणीराव पाणी तापवत, माझ्या पायाखाली घडी सरकवत आणि मग वहिनींना धरून आणत. पहिले काही दिवस वहिनी बोलल्या नाहीत. ज्या बाई अखंड बोलत, त्या गप्प आणि जे कधी बोलत नसत, ते तर गप्पच. तांब्याचा आवाज तेवढा येई.

मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "खोटं का बोललात?"

"तू कामावर जा म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"म्हणून."

गुळणीराव मागे उभे होते. थोड्या वेळाने वहिनींच्या खांद्यावर थेंब पडले, ते तांब्यातले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून वहिनींचे बोलणे पुन्हा सुरू झाले. शेजारणीच्या वागण्यापासून डॉक्टरांच्या मिशीपर्यंत सगळ्यांचा त्या समाचार घेत. घरी आलेल्या चौघांच्या नकला त्यांनी इतक्या वेळा केल्या की मलाही पाठ झाल्या. गुळणीराव ऐकत, साबण लावत, मध्येच हसत. ते हसतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

एकदा वहिनींनी विचारले, "याचा पाय आखूड आहे आणि तुम्ही इतकी वर्षं रोज घडी करताय? एक ठोकळा ठोकला असता तर एकदाच काम झालं असतं."

"रोज खाली बघितलं जातं," गुळणीराव म्हणाले.

औषधांनी वहिनींची बोटे बधिर झाली होती. गाऊनची बटणे त्यांना लागेनात. नवऱ्याने लावून दिलेली त्यांना आवडत नसत, त्या चिडत. तेव्हा गुळणीरावांनी एका दुपारी त्यांचे सगळे गाऊन घेतले, बटणे काढून टाकली, कोटाची मोठाली बटणे लावली आणि जुनी काजे कापून मोठी केली. न्हाणीच्या उंबऱ्याशी मला ओढून ते बसले होते. आधी कापायचे, मग टाके. साध्या सुती गाऊनला त्यांनी असे काज केले की तसे मालकांच्या सगळ्यात महागड्या कोटालाही नसेल. संध्याकाळी वहिनींनी स्वतः बटण लावले. पहिल्याला बराच वेळ लागला. सगळी लावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मालकीण दिसतेय ना मी?" गुळणीराव हो म्हणाले. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला, हे सांगायला हरकत नाही.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी पाणी तापले, माझ्या पायाखाली घडी सरकवली गेली, आणि न्हाणीत कोणी आले नाही. आतल्या खोलीतून आवाज आला नाही. पाणी बादलीत गार होऊन गेले. दुपारी कोणीतरी मला बाहेर काढले आणि आलेल्या माणसांना बसायला दिले.

काही आठवड्यांनी गुळणीरावांनी मला खांद्यावर घेतले आणि कारखान्यात आणले. हॉलमधली मशिने एकेक करून थांबली. त्यांच्या टेबलाच्या पायाला निळा रुमाल तसाच बांधलेला होता. मधल्या काळात काय झाले, ते मला नंतर इस्त्रीवाल्याच्या तोंडून कळले. मालकांनी हंगामात नवा माणूस पाठवला होता. मुकादमबाईंनी त्याला सांगितले, "बस की. पण या जागेचं स्टूल दुरुस्तीला गेलंय." तो एक दिवस उभ्याने राबला आणि पाय दुखतात म्हणून खिसे लावणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसला. दुसऱ्याचेही तेच झाले. तिसऱ्याने आपले स्टूल घरून आणतो असे सांगितले आणि तो आलाच नाही. गुळणीरावांचे काम हॉलमधल्यांनी वाटून घेतले होते. त्यांची काजे काही खास नव्हती, असे इस्त्रीवाला स्वतःच म्हणाला.

मुकादमबाई टेबलापाशी आल्या. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "घरी...?"

"घरी नाही," गुळणीराव म्हणाले. मग थांबून त्यांनी नीट सांगितले, "माझी बायको. माझी बायको गेली."

आणि मित्रांनो, मग ते बोलू लागले. उभ्या उभ्या, रुमालाची गाठ सोडत सोडत. ते चौघे मला घेऊन आले होते त्या दिवशीचे सगळे त्यांनी वहिनींच्या बाजूने सांगितले. मुकादमबाईंनी हात कसे धरले, इस्त्रीवाल्याने स्टूल कसे सोडले, वहिनी त्याची नक्कल करताना डोळे कसे वटारत. गुळणीरावांना नक्कल येत नव्हती. तरी त्यांनी ती केली. इस्त्रीवाला हसला आणि लगेच रडला. "ती असती तर तिनंच सांगितलं असतं," गुळणीराव म्हणाले. "आता मला सांगावं लागतं."

तेवढ्यात मालक आले. त्यांनी गुळणीरावांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आलं का स्टूल दुरुस्त होऊन?" असे म्हणून त्यांनी मला हाताने हलवून पाहिले. मी डुगडुगलो. "हे तर अजून हलतंय! इतके दिवस दुरुस्त काय केलं?"

मुकादमबाई तोंड उघडणार, तोच गुळणीराव म्हणाले, "लंगड्या दुरुस्तीला गेला नव्हता, साहेब. माझ्या बायकोला न्हाणीत बसायला लागत होता. त्यासाठी ठेवून घेतला."

मालक माझ्या फुगलेल्या फळीकडे बघत राहिले. त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच कोटाशिवाय दुसरे काहीतरी दिसले असावे. गुळणीराव खाली वाकले. त्यांनी कडक कापडाची घडी केली आणि माझ्या पायाखाली सरकवली. रुमाल खिशात ठेवला.

"बसा," मालक म्हणाले. "पुष्कळ कोट पडलेत."

पुढे बरीच वर्षे आम्ही दोघांनी काम केले. गुळणीराव निवृत्त झाले तेव्हा मुकादमबाईंनी मला रीतसर उलटे केले, सगळ्यांना सांगून, आणि मला गुळणीरावांच्या घरी पोचवले. आता मी दाराशी असतो. ते माझ्यावर बसून बूट घालतात. माझा रंग पुरता उडाला आहे, एक फळी चिरली आहे. पण रोज सकाळी पायाखाली घडी असते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या वर्गात, कामाच्या ठिकाणी, शेजारी कोणाची जागा बरेच दिवस रिकामी दिसली, तर दुरून तर्क करू नका. 'उलटला' म्हणून मोकळे होऊ नका. त्या घरी जा, जिना चढा, दार वाजवा. आणि लवकर जा. आम्ही गेलो होतो तेव्हा दार उघडायला वहिनी आल्या होत्या.